केंद्रातून सुटल्यावर राहायचे कुठे?

व्यसनमुक्ती केंद्र आणि हाफवे होम एकच, असे समजून लिहिलेली पत्रे दर आठवड्याला येतात. केंद्रात व्यसन थांबवण्याचे वैद्यकीय उपचार होतात. हाफवे होम हे त्यानंतरचे घर असून तिथे माणूस नशेविना कामावर जाणे, भाडे भरणे, पाळीने स्वयंपाक करणे यांत पुन्हा रुळतो.

मुलगा एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेत असे. केंद्रातून महिन्याभराने परत येतो आहे. त्याला घरी ठेवावे का? (कळवा)

माल देणारा मित्र स्टेशनच्या वाटेवरच भेटत असेल, तर काही महिने दूर राहिलेले बरे. मात्र निर्णय मुलाला आणि त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

भाऊ रोज दारू पितो. त्याला थेट हाफवे होममध्ये ठेवले तर चालेल का? (नेरूळ)

नाही. रोजची दारू एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, म्हणून आधी रुग्णालय.

ब्राउन शुगर सोडून मी हाफवे होममध्ये राहतो. व्यवस्थापक म्हणतात की ब्युप्रेनॉर्फिन ही नशाच आहे, ती बंद कर. काय करावे? (कोपरखैरणे)

गोळी बंद करू नये. हा उपदेश मी इतक्या ठिकाणांहून ऐकला आहे की आता संयम राहत नाही. जिभेखाली विरघळणारी ही गोळी टर्की (नशा सुटल्यावर होणारा शारीरिक त्रास) आणि ओढ दोन्ही आवरते, आणि ठरलेल्या डोसवर माणूस शुद्धीत राहून कामाला जाऊ शकतो. ती एकदम सुटली की ओढ परतते. त्यातही मोठा धोका असा की काही आठवडे ब्राउन शुगर न घेतल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात मात्र जुन्याच मापाने पुडी उघडतो. पूर्वी पचणारी तीच मात्रा अशा वेळी श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत घातक असतात. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली व्यवस्थापकांकडे असण्यास हरकत नाही, परंतु डोस कमी करण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांचा आहे. या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांना भेटा आणि व्यवस्थापकांसाठी त्यांची चिठ्ठी घ्या. तरीही ते अडून बसले, तर दुसरे घर शोधणे श्रेयस्कर.

‘शंभर टक्के खात्री, रात्री गाडी पाठवून घेऊन जाऊ’ अशी एका केंद्राची जाहिरात आहे. विश्वास ठेवावा का? (घोडबंदर रोड)

खात्री देणारा वैद्य मी पाहिलेला नाही, विक्रेते पुष्कळ पाहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार व्यसनासाठी रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. रुग्णाची संमती नसताना त्याला दाखल करायचे, तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज आणि दोन तज्ज्ञांनी केलेली स्वतंत्र तपासणी हवी. चार दांडग्या माणसांची गाडी ही तपासणी नव्हे. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी नोंदणीपत्र पाहावे, भेट देणारे डॉक्टर कोण ते विचारावे आणि राहणाऱ्यांशी एकांतात बोलू देतात का ते पाहावे. कोणती सोय योग्य, याविषयी १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही विचारता येते.

दारू सुटावी म्हणून चहातून देण्याची पावडर ऑनलाइन मिळते. पतीला नकळत द्यावी का? (ऐरोली)

देऊ नये. तिच्यात डायसल्फिराम असेल आणि ते पोटात असताना पती दारू प्यायले, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. आधीच दिली असेल, तर पाकीट बरोबर घेऊन आजच डॉक्टरांकडे जा.