हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांवर जातो. घरासमोर २०-२५ फुटांपर्यंतच वाढणारं फुलझाड हवंय. जपानी मेपल आणि स्टार मॅग्नोलियापैकी काय लावू?

जपानी मेपल सोडून द्या. त्याच्या बहुतेक जाती थंडीच्या अमेरिकी वर्गवारीतल्या (आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त) झोन ५ पर्यंतच टिकतात, म्हणजे उणे २८-२९ अंशांपर्यंत. तुमचा झोन ४. पानांचा तोच थाट हवा असेल तर कोरियन मेपल घ्या, ते झोन ४ मध्ये निभावतं.

स्टार मॅग्नोलिया थंडीने मरणार नाही, पण फुलांची खात्री नाही. ती फार लवकर उमलते. कळ्या फुगल्यावर एक रात्र गोठली की त्या वर्षीची फुलं तपकिरी होऊन गळतात. म्हणून ती दक्षिणेकडच्या उबदार भिंतीला लावू नका (आपला पहिला विचार नेमका तोच असतो!). तिथे ती आणखी लवकर जागी होते. पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू बरी.

माझं मत विचाराल तर जपानी ट्री लायलॅक. फुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीला, गोठण्याची भीती संपल्यावर येतात आणि झाड झोन ३ सोसतं. वसंतातच बहर हवा तर क्रॅबॲपल (सफरचंदाचं छोट्या फळांचं भाऊबंद), पण स्कॅब या बुरशीच्या रोगाला दाद न देणारी 'प्रेरीफायर'सारखी जात घ्या. नाहीतर ऐन उन्हाळ्यात पानं डागाळून झडतात. कलमी रोप असेल तर खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधलं ते झाड) कोणता तेही विचारा. वरची जात काटक आणि खुंट नाजूक असेल तर उपयोग शून्य.

लावताना खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, खोली मात्र गोळ्याएवढीच. खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. कुंडीतल्या रोपात तो बहुधा मातीखाली गाडलेला असतो, तेव्हा आधी वरची माती खरवडून तो शोधा. आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर, खोडापासून चार बोटं लांब. उन्हाळा सरता सरता नत्रयुक्त खत देऊ नका. कोवळी फूट पक्व व्हायच्या आत थंडी गाठते. पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत चालू ठेवा.

पहिली काही वर्षं हिवाळ्यात खोडाला पांढरं वेष्टण गुंडाळा. दुपारच्या उन्हाने नैर्ऋत्येकडची साल तापते, सूर्य बुडताच गोठते आणि उभी तडकते. वसंतात वेष्टण आठवणीने काढा. शिवाय सशांसाठी बारीक जाळी लागतेच. तिची उंची जमिनीपासून नको, बर्फाच्या नेहमीच्या थरापासून दोन फूट धरा, कारण ससे बर्फावर उभे राहून साल कुरतडतात.