घोड्याची वैरण गायीच्या हिशेबाने नको

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. जनावर घरच्या दावणीला आले की वैरणीचे प्रश्न सुरू होतात. यंदाच्या प्रश्नांतले काही निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : बाजारातून घोडा आणला आहे. घरी गायींसाठी कडब्याची कुट्टी आणि मूरघास आहे. तेच घोड्याला चालेल का? (ता. शहादा)

कडबा काही प्रमाणात चालेल. मूरघास अजिबात नको. बॅगेत किंवा खड्ड्यात हवाबंद करून आंबवलेल्या या चाऱ्यात बोटुलिझमचे विष तयार होऊ शकते. त्याची अगदी थोडी मात्राही घोड्याला पुरते. जीभ लुळी पडते, गिळता येत नाही आणि जनावर आडवे होते. त्याच मूरघासावर शेजारची गाय ठणठणीत दिसली, तरी तो भरवसा घोड्यासाठी धरू नका.

गाय भराभर खाते आणि मग निवांत रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर लहान असते, म्हणून त्याला थोडे थोडे पण दिवसभर खावे लागते. तंतुमय चारा मागच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंमार्फत आंबून पचतो आणि नव्या चाऱ्याला सरावायला या जिवाणूंना दोन आठवडे लागतात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात चुकीचे काही गेले, तर ते पुढेच सरकणार किंवा तिथेच अडकणार. राजस्थान-पंजाबकडच्या चाऱ्यावर वाढलेल्या घोड्यापुढे पहिल्याच रात्री पाटीभर कुट्टी टाकली की पोटशूळ ओढवतो, तो यामुळेच.

सौदा करतानाच विक्रेत्याला विचारा, घोडा काय खात होता? जमल्यास तोच चारा 35-40 किलो सोबत घ्या. पहिले तीन दिवस जुना चारा पाऊण, नवा पाव. पुढचे तीन-चार दिवस निम्मा-निम्मा. मग जुना पाव. दहा ते चौदा दिवसांत बदल पुरा करा.

कडबा निम्म्या वैरणीपेक्षा जास्त नको आणि गायीसाठी करतो तशी बारीक कुट्टी तर नकोच. बारीक तुकडे न चावता गिळले जातात आणि आतड्यात त्यांचा गठ्ठा होतो. तुकडे किमान 3-4 सेंमी ठेवा. पाला बऱ्यापैकी असलेला अख्खा कडबा त्याहून बरा. हिरवी कोवळी ज्वारी किंवा खोडव्याचे फुटवे देऊ नका. किरळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते ती वेगळीच. घोड्यात ज्वारीवर्गीय हिरव्या चाऱ्याने मूत्राशय लुळे पडते, लघवी ठिबकत राहते आणि मागचे पाय लडखडतात. हे नुकसान बहुतेकदा भरून येत नाही.

प्रश्न : रोज किती पेंढ्या द्यायच्या? (ता. इंदापूर)

पेंढ्यांत सांगता येत नाही. एक पेंढी सव्वा किलोची, तर दुसरी अडीचची. वजनकाटा घ्या. घोड्याचे वजन टेपने काढता येते. कोपराच्या मागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंमीमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 155 आणि लांबी 145 असेल, तर वजन साधारण 293 किलो.

वजनाच्या 2 टक्के कोरडा चारा हा पाया धरा. 300 किलोच्या घोड्याला 6 किलो, म्हणजे वाळल्या गवतातला ओलावा धरून रोज साडेसहा ते सात किलो. लठ्ठ घोड्याची वैरण उतरवायची असली, तरी दीड टक्क्याच्या खाली जाऊ नका. हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणीच असते. 20 किलो हिरवे गवत म्हणजे कोरडे जेमतेम चार-पाच किलो, हे विसरून घोडा वाळवणारे पुष्कळ आहेत.

हे सात किलो चार वेळांत वाटा, मोठा वाटा रात्री. संध्याकाळी सहाला गव्हाण रिकामी आणि सकाळी सातला पुढची वैरण, असे झाले की घोडा लाकूड कुरतडू लागतो. चंदी (दाणा) कामाच्या घोड्यालाच, एका वेळी एक किलोपेक्षा कमी आणि वैरण खाऊन झाल्यावर. मीठ रोज 25-30 ग्रॅम. सुक्या वैरणीवर पाणी 25-30 लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. थंडीत घोडा पाणी कमी पितो आणि लीद कडक होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी कोमट करून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे भाताचा पेंढा भरपूर आहे. तो चालवून गवताचा खर्च वाचवता येईल का? (ता. कर्जत, जि. रायगड)

पेंढा अंथरायला वापरा. त्यात सिलिका जास्त आणि सत्त्व कमी. निव्वळ पेंढ्यावर पोट सुटते, पाठ मात्र खपाटीला जाते. खर्च वाचवायचा असेल, तर गवत योग्य वेळी घ्या. पवना, मारवेल, शेडा ही गवते फुलोऱ्यात कापली, तर प्रथिने 6 ते 8 टक्के मिळतात. बी झडून पिवळी पडल्यावर तीच 3-4 टक्क्यांवर येतात. आपल्याकडे दिवाळीनंतर निवांत कापणी होते, म्हणजे निम्मे सत्त्व गमावून.

विकत घेताना गठ्ठा सोडून मधली मूठ बाहेर काढा. रंग हिरवट, पाने शाबूत, वास चहाच्या पत्तीसारखा गोडसर हवा. झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर परत करा. ती बुरशी असते आणि तिने घोड्याला दम्यासारखा खोकला लागतो. साधी मातीची धूळ असेल, तर गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून लगेच द्या. कुसळी हे गवत कुसळे धरण्याआधी कापलेले असेल, तरच घ्या. कुसळे हिरडी आणि गालाच्या मध्ये रुततात, जखमा होतात; लाळ गळते आणि घोडा घास तोंडातून टाकतो.

प्रश्न : लसूण घास आणि गव्हाचा कोंडा रोज दिला तर? (अकलूज भागातून)

वाळलेला लसूण घास वैरणीच्या पावपट, म्हणजे दीड किलोपर्यंत उत्तम. ओला असेल, तर चार-पाच तास सुकवून द्या, नाहीतर गॅस धरतो. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) खूप आणि कॅल्शियम कमी. नेपियरसारख्या गवतातले ऑक्झलेट उरलेले कॅल्शियमही अडवते. दोन्ही महिनोन्‌महिने चालू ठेवले, तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढते. चेहऱ्याची हाडे सुजून डोके मोठे दिसू लागते, चाल आखडते. कोंडा आठवड्यातून एकदोनदा मूठभर पुरे. गायीची किंवा कोंबड्यांची पेंड घोड्याला टाकू नका; त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असेल, तर ते घोड्याचे हृदय निकामी करते.

प्रश्न : पावसाळ्यासाठी गंजी किती आणि कशी? वरून भिजली, तर आतले वापरायचे का? (ता. माळशिरस)

जून ते मध्य नोव्हेंबर साडेपाच महिने, महिना 200 किलो, म्हणजे 11 क्विंटल. नासाडी धरून घोड्यामागे साडेबारा क्विंटल ठेवा. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. रचण्यापूर्वी ओलावा तपासा. कोरड्या बरणीत गवताचे तुकडे पावभर भरून, चमचाभर मीठ टाकून दोन मिनिटे हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या, तर गवत अजून ओले आहे. 15 टक्क्यांखाली ओलावा येईपर्यंत वाळवा. रचल्यावर पहिले तीन आठवडे गंजीत लोखंडी पहार खुपसा, पंधरा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल इतकी तापली, तर गंजीला आग लागण्याआधी ती मोकळी करा.

वरचा थर भिजून तीन-चार दिवस झाले असतील, तर काळपट भाग आणि त्याखालचे अर्धा हात गवत काढून टाका; ते गायीलाही नको. उरलेले उन्हात पसरा, झटका, वास घ्या. मक्याच्या कणसांवर बुरशी दिसली, तर निवडत बसू नका, सगळे फेका. त्या बुरशीच्या विषाने घोड्याचा मेंदू मऊ पडतो आणि त्यावर औषध नाही. घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, पाय आपटू लागला, लीद थांबली, तर वैरण बंद करून पशुवैद्यकाला बोलवा. तोवर नळीने तेल पाजू नका. ते फुप्फुसात जाते.