शंका-समाधान : जुन्या ठासणीच्या पिस्तुलाची पारख

प्रश्न : आजोळच्या माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेले एक जुने पिस्तूल सापडले. नळी गंजली आहे, घोडा हलत नाही. ते भरलेले असेल का? घरात ठेवता येईल का? (एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर : भरलेलेच आहे असे धरून चाला. ठासणीच्या हत्यारात तोंडाकडून दारू ओतून वर गोळी ठासतात; ते उडवले नाही तर सगळे आतच राहते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. घोडा जाम आहे हे बरेच आहे. तो सोडवायला तेल, पाना काहीही लावू नका.

तोंड मातीच्या ढिगाकडे ठेवून बांबूची बारीक, सरळ काठी हळूच नळीत सरकवा. लोखंडी सळई नको, ठिणगी पडू शकते. हात आणि चेहरा तोंडासमोर येऊ देऊ नका. काठी जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी खूण करा, काठी बाहेर काढा आणि तीच खूण तोंडाशी जुळवून नळीवर बाहेरून धरा. काठीचे टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे रंजक (पेटवणीची दारू) पेटून आत शिरते त्या भोकापर्यंत, पोचले तर नळी बहुधा रिकामी आहे. बोट-दोन बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचे घरही असू शकते, पण ते खणून बघायचे नाही. उडवून रिकामे करायचे तर मुळीच नाही. गंजलेली नळी कानापाशी फाटू शकते. टोपीचे (तांब्याच्या टोपीतल्या स्फोटकाने पेटणारे) पिस्तूल असेल तर घोड्याखालच्या निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या बारीक नळीवर, तांब्याची टोपी उरली आहे का, तेही नुसते डोळ्यांनी पाहा.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट देते, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. ठासणीचे पिस्तूल दुरुस्त होऊ शकते, म्हणून ‘जुने आहे, चालते’ असे स्वतःच ठरवू नका. उचलून नेण्याआधी जवळच्या ठाण्याला कळवा. बेळगाव शहराच्या हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तालयाला. अर्ज कन्नडमध्ये लिहून पोच घ्या.

प्रश्न : निपाणीत एक जण पितळी मुठीचे पिस्तूल विकतो आहे. कळीच्या (दारू पेटवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर सिंह आहे. ‘कित्तूरच्या लढाईतले’ म्हणतो. खरे कसे ओळखावे?

उत्तर : आपल्या भागात कुणी जुने पिस्तूल दाखवले की ते कित्तूरचे असतेच! लढाई १८२४ ची, राणी चन्नम्मा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातली आहे, हे लक्षात ठेवून आधी कळ पाहा. त्या काळच्या कंपनीच्या पिस्तुलाला गारगोटीची कळ हवी: घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलादी पत्रा, खाली रंजकाची वाटी. ब्रिटिश फौजेत टोपीची हत्यारे १८४० च्या सुमारास आली. तेव्हा टोपीची कळ असेल तर कित्तूर सुटले. मात्र गारगोटीचे बदलून टोपीचे केले असेल तर शक्यता उरते. बदललेली पट्टी ओळखता येते. वाटी काढलेल्या जागी खाच दिसते आणि पुढच्या अंगाला बुजवलेल्या स्क्रूच्या भोकांच्या गोल कडा भिंगातून दिसतात.

सिंहाची खूण १८०८ पासूनची. त्याआधी कंपनीची खूण हृदयाच्या आकाराची होती. हृदय आणि त्याच पट्टीवर १८२० साल, असे दिसले तर पैसे खिशातच ठेवा. नळीवर बर्मिंगहॅमचा तपासणी-शिक्का असेल तर ते १८१३ नंतरचे, कारण तिथले तपासणीगृहच त्या साली सुरू झाले.

झीज कुठे आहे ते पाहा. खरी झीज हाताच्या जागी असते: मुठीचा मागचा फुगवटा, चापाभोवतीची पितळी कडी, ठासायच्या गजाचे टोक. सगळीकडे सारखे खड्डे म्हणजे बहुधा आम्लाने काढलेला गंज. कानाचे भोक नळीच्या पोकळीपर्यंत आरपार नसेल तर ते बहुधा शोभेचे पिस्तूल. अधिक-खुणेचा स्क्रू म्हणजे निदान कुणाचा तरी आधुनिक हात लागला आहे. इतिहासाची कथा विक्रेता फुकट देतो, तिचे पैसे देऊ नका.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो. विक्रेत्याकडे तो मागा, आणि ठाण्यातून लेखी उत्तर येईपर्यंत इसारही देऊ नका.

प्रश्न : नळीला आणि पितळेला चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करू का? (चिकोडी)

उत्तर : नको. नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच हात लावायचा, आणि तोही कमीत कमी. घट्ट तपकिरी-काळा थर चालू गंज नव्हे, संरक्षण आहे. तो निघाला की शिक्क्यांच्या कडाही बुजतात. बोटाला लागणारी नारिंगी भुकटी मात्र चालू गंज. तिच्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब टाकून एक दिवस ठेवा, मग सुती कापडाने पुसा. पॉलिशपेपर, लिंबू, तारेचा ब्रश वर्ज्य. अडकलेला स्क्रू फिरवू नका. खाच एकदा गेली की परत येत नाही. पुसल्यावर कोरड्या सुती कापडात ठेवा. घोंगडी ओल धरते, चामड्यातले आम्ल लोखंड खाते, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात दोन्ही आपले काम लवकर करतात.