प्रागच्या सिनेगॉगमधल्या मुलांच्या चित्रांमागच्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस कोण होत्या?

तुम्ही प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) तेरेझिन या नाझी छावणीतल्या मुलांची चित्रं पाहिलीत आणि विचारलंय, की त्यांना शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस चित्रकार म्हणून खरंच मोठ्या होत्या, की छळछावणीमुळेच त्यांचं नाव राहिलं? माझ्या मते छावणीत जायच्या कितीतरी आधीच त्या मोठ्या होत्या. तेरेझिनमध्ये मुलांना जे मिळालं, ते त्या आधीच्या वीसेक वर्षांच्या कामातूनच आलं. मी स्वतः शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

जन्म १८९८ चा, व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबातला. आई लहानपणीच गेली. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीला होते, त्यामुळे घरात पैसा नसला तरी कागद होता. आधी त्या फोटोग्राफी शिकल्या, मग कापडावरचं काम आणि मग चित्रकार-शिक्षक योहानेस इटेन यांच्या खासगी वर्गात गेल्या. इटेन चित्राला हात घालण्याआधी विद्यार्थ्यांकडून श्वासाचे आणि शरीराचे व्यायाम करून घेत. जुन्या उस्तादांच्या चित्रांची नक्कल करायला न लावता त्यातली लय, उजेड-अंधार हाताने शोधायला लावत. १९१९ मध्ये ते जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत शिकवायला गेले तेव्हा फ्रीडलही मागोमाग गेल्या आणि १९२३ पर्यंत तिथे राहिल्या. विणकाम, छपाई, पुस्तकबांधणी, सगळ्यात हात घातला.

पुढे व्हिएन्नात इटेनकडचेच सहविद्यार्थी फ्रान्झ सिंगर यांच्याबरोबर त्यांचा स्टुडिओ होता. लहान घरांसाठी घडी घालता येणारे पलंग, एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या, कापडं, अख्ख्या घरांची अंतर्गत सजावट. शहराने कामगारांसाठी बांधलेल्या गोएथेहोफ वसाहतीतली माँटेसरी बालवाडी त्यांनीच सजवली. या काळात त्या बालवाडीच्या शिक्षिकांनाही चित्रकला शिकवत होत्या.

राजकारणाने त्या कम्युनिस्ट. फॅसिझमविरोधी फोटोमोंताज (फोटोंचे तुकडे जोडून केलेली चित्रं) केले, १९३४ मध्ये अटक झाली, सुटल्यावर प्रागला गेल्या. पोलीस चौकशीचं त्यांनी नंतर रंगवलेलं चित्र जरूर शोधून बघा. प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांचे वर्ग घेतले. १९३६ मध्ये मावसभाऊ-चुलतभावाच्या नात्यातल्याच पावेल ब्रांडाइस यांच्याशी लग्न झालं. पुढे पॅलेस्टाइनचा व्हिसा हाताशी आला होता, पण पावेलना मिळाला नाही म्हणून त्या गेल्या नाहीत.

डिसेंबर १९४२ मध्ये दोघांना तेरेझिनला नेलं. माणशी ५० किलो सामान न्यायची मुभा होती, आणि फ्रीडलनी त्यात चित्रकलेचं साहित्य भरलं. चादरी आधीच रंगवून घेतल्या होत्या, म्हणजे मुलांच्या नाटकात त्यांचं जंगल करता येईल!

आता त्यांच्या वर्गाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे दिसतं. छावणीत मुलांना शाळेचे विषय शिकवायला बंदी होती. चित्रकला, गाणी, हस्तकला तेवढी चालवून घेतली जाई. मुलींच्या एल-४१० या वसतिगृहात फ्रीडल वर्ग घेत. इटेनचा लयीचा व्यायाम तिथे पुन्हा सुरू झाला. बाई ताल द्यायच्या आणि मुलं त्या तालावर न थांबता रेघा, वळणं, वर्तुळं काढायची. हात मोकळा करायला काढलेली ती पानं आज पाहिली तरी ताल कळतो. मग कधी समोर एखादं भांडं किंवा फुलं ठेवून वस्तुचित्र, कधी जुन्या उस्तादांच्या चित्रांचा अभ्यास. रंगीत कागद नव्हता, तेव्हा कार्यालयातले वापरलेले छापील फॉर्म कापून कोलाज केले. काही चित्रांत टेकडी किंवा घर म्हणून चिकटवलेल्या तुकड्यावर हिशेबाचे रकाने स्पष्ट दिसतात. मला स्वतःला ही कोलाज सगळ्यात जास्त आवडतात.

चित्रावर स्वतःचं नाव लिहायचं, हा त्यांचा आग्रह होता. जिथे माणसाला नावाऐवजी त्याला आणलेल्या गाडीच्या यादीतला नंबर चिकटवला जात होता तिथे हा आग्रह किती मोठा, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच आज कुठलं चित्र कुणाचं हे बहुतेक वेळा सांगता येतं.

१९४३ मध्ये छावणीतल्या शिक्षकांसमोर त्यांनी मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिलं. मोठ्यांना मुलांना आपल्यासारखं करायची एवढी घाई का, असा त्यांचा सवाल होता. वर्गातून चित्रकार घडवायचे नाहीत, मुलाची स्वतःची ताकद मोकळी करायची आहे, असं त्यांचं म्हणणं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत बुडालेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला हे वाचून झोप लागत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करते. ती चित्रं म्हणजे छावणीची कागदोपत्री साक्ष, असं अनेकांना वाटतं. रांगा, तिमजली पलंग, पहारेकरी काही चित्रांत आहेत, पण कितीतरी चित्रांत घर, बाग, फुलपाखरं, जेवणाचं टेबल आहे. बाईंनी दुःख काढा असा विषय दिला नाही. नीट बघायला शिकवलं, पुढचं मुलांवर सोडलं.

सप्टेंबर १९४४ च्या शेवटी पावेलना आउशवित्झच्या मृत्यूछावणीत पाठवलं. फ्रीडलनी नवऱ्यामागे जायला स्वतःहून नाव दिलं आणि ६ ऑक्टोबरच्या गाडीने त्या गेल्या. आउशवित्झच्याच बिर्केनाऊ या भागात त्यांना मारण्यात आलं. पावेल वाचले. निघण्यापूर्वी मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली होती. युद्ध संपल्यावर मुलींच्या वसतिगृहाचं काम पाहणाऱ्या विली ग्रोआग यांनी ती प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवली. चित्रं काढणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं तोवर जिवंत नव्हती.

प्रभावाचं म्हणाल तर एडिथ क्रेमर हे नाव लक्षात ठेवा. व्हिएन्नातली त्यांची ही विद्यार्थिनी प्रागमध्ये निर्वासित मुलांच्या वर्गात त्यांना मदत करायची. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली, तिथे वंचित मुलांबरोबर काम केलं आणि अमेरिकेत आर्ट थेरपीचा (चित्रकलेतून मनावर उपचार करण्याच्या पद्धतीचा) पाया घालणाऱ्यांत तिची गणना होते. आपण जे करतो त्याची मुळं फ्रीडलच्या वर्गात आहेत, हे ती मोकळेपणाने मान्य करायची. प्रागमधलेच विद्यार्थी गेओर्ग आयस्लर पुढे ऑस्ट्रियातले नावाजलेले चित्रकार झाले.

फ्रीडल यांची स्वतःची चित्रं मात्र बरीच वर्षं मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. शेवटच्या वर्षांतली जलरंगातली फुलं, माणसं, रस्ते फार कोवळे आहेत, आणि त्यातल्या अनेकांवर सहीसुद्धा नाही. २०२२ मध्ये लिंझ आणि व्हिएन्ना इथे मोठी प्रदर्शनं झाली, तेव्हा त्यांच्या कामाकडे पुन्हा नीट पाहिलं गेलं. तुम्ही सुरुवात त्या घडीच्या फर्निचरपासून करा, मग चौकशीचं चित्र पाहा, आणि त्यानंतर मुलांची कोलाज पुन्हा बघा.