सोप्यात बसलेली दोन मुले

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. गेले आठ-नऊ महिने दिवेलागणीला त्यांना सोप्यात दोन लहान मुले बसलेली दिसतात. मुले बोलत नाहीत. पण "त्या पोरांना चहाबरोबर काहीतरी द्या की" असे ते मला सांगतात. एखाद्या दिवशी ते पेपर वाचून त्यावर नीट बोलतात, तर दुसऱ्या दिवशी त्यांना शर्टाची बटणेही लावता येत नाहीत. भावकीतल्या मंडळींनी बाहेरची बाधा म्हणून नारळ उतरवून टाकायला लावला. एका दवाखान्यात मन शांत होण्याच्या गोळ्या दिल्या, तर दोन दिवसांत त्यांचे अंग लाकडासारखे आखडले आणि घास गिळणेही जड झाले. त्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या. झोपेत ते ओरडतात, हात मारतात, म्हणून सासूबाई गेली दहा वर्षे वेगळे अंथरूण घालतात. त्यांना वेड लागले आहे का?
— एक सून, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, हे वेड नाही आणि बाधा तर नाहीच. आपण पत्रात अगदी शेवटी लिहिलेली सासूबाईंच्या अंथरुणाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. स्वप्न पडत असताना निरोगी माणसाचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नात कितीही पळालो तरी पाय जागचे हलत नाहीत. मेंदूतील ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात करू लागतो, आणि हे लक्षण बुद्धीवर परिणाम दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकते. त्याच्या जोडीला स्पष्ट दिसणारी माणसे, दिवसागणिक होणारा चढउतार आणि त्या गोळ्यांनी आखडलेले अंग पाहता, पत्रावरून निदान करता येत नसले तरी, लेवी बॉडी डिमेन्शियाची (मेंदूच्या पेशींत प्रथिनाचे गोळे साठून बुद्धी, दृष्टी आणि हालचालींवर परिणाम करणाऱ्या आजाराची) शंका घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक आहे.

आपल्या मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन असते. एक पेशी दुसरीला जिथून निरोप धाडते, त्या टोकाशी ते मुख्यतः आढळते. या आजारात त्याची घडी चुकते, चुकलेले कण एकमेकांना चिकटतात आणि पेशीत त्यांचे गोळे साठतात. हे गोळे फ्रिडरिक लेवी या जर्मन डॉक्टरांनी १९१२ साली वर्णिले, म्हणून त्यांना 'लेवी बॉडी' म्हणतात. डिमेन्शियाशी त्यांचा संबंध जपानच्या केंजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवून दिला. आणि ते याच प्रथिनाचे आहेत हे १९९७ मध्ये कळले. अनेक रुग्णांत अल्झायमरमधील अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनेही सोबत साठलेली असतात, त्यामुळे दोन रुग्णांची लक्षणे सारखी नसतात.

आता ती मुले का दिसतात ते सांगतो. पाहण्याचे काम एकटे डोळे करीत नाहीत. डोळ्यांकडून आलेल्या अपुऱ्या माहितीत मेंदू स्वतःजवळची भर घालतो आणि ती भर बरोबर आहे का हेही तपासतो. या आजारात दृष्टीचे काम करणारा डोक्याच्या मागचा भाग मंदावतो, कानशिलामागच्या भागात हे गोळे बरेच साठतात, आणि लक्ष टिकवण्यासाठी लागणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन फार कमी होते. म्हणजे भर घातली जाते, पण तपासणी होत नाही. तिन्हीसांजेला, अर्धवट उजेडात, खुंटीवरचा कोट आणि त्यावर ठेवलेला फेटा पाहून आपणही क्षणभर दचकतो. पण दुसऱ्या क्षणी आपल्याला कोट दिसतो, त्यांना माणूसच दिसत राहतो. म्हणून "तिथे कुणी नाही" असा वाद घालू नका, आणि मुलांसाठी खरोखरीची बशीही मांडू नका. "मला दिसत नाहीत, पण तुम्हाला दिसतात हे खरे, घाबरू नका, मी आहे" एवढे पुरते. दिवेलागणीच्या आधीच सोप्यातला मोठा दिवा लावा, खुंटीवरचे कपडे काढा, आणि मोतीबिंदू असेल तर त्याची तपासणी करून घ्या. भास एकाएकी, एक-दोन दिवसांत वाढले, तर आधी लघवीतला संसर्ग, ताप किंवा नव्याने सुरू झालेले औषध यांचा विचार करावा लागतो.

औषधांबाबत मात्र मी आग्रहाने लिहितो. हॅलोपेरिडॉलसारखी भास थांबवणारी औषधे, हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या डोपामीन या मेंदूतील रसायनाचे काम अडवतात, आणि या रुग्णांत डोपामीन आधीच कमी असल्याने अंग आखडणे, गिळता न येणे, शुद्ध हरपणे असे जिवावरचे परिणाम होऊ शकतात; आपण ते घरात पाहिलेच आहेत. ॲसिटिलकोलिन टिकवून धरणाऱ्या रिव्हास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल या गोळ्यांनी मात्र बऱ्याच जणांचे भास कमी होतात आणि लक्षही सुधारते; त्या नाडीची गती पाहून, कमी मात्रेपासून सुरू करतात. आजार मुळातून बरा करणारे औषध आज नाही, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

बंद केलेल्या गोळ्यांचे पाकीट टाकून देऊ नका. त्यावरचे नाव आणि झालेला त्रास एका कागदावर लिहून तो सासऱ्यांच्या फाइलीत सर्वांत वर लावा, आणि उद्या पडल्या-झडल्याने किंवा तापाने रात्री-अपरात्री कोणत्याही दवाखान्यात न्यावे लागले, तरी इंजेक्शन देण्यापूर्वी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.