जंजिऱ्याचे पैसे आधी भरू नका, आणि तिथी बघून तारीख ठरवा

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, मुलगा लहान, तीन दिवस अलिबाग-मुरुड आणि एजंट म्हणतोय पूर्ण पैसे आत्ताच भरा, त्यात कुलाबा किल्ला आणि जंजिरा दोन्ही धरलंय. भरू नका. राहण्याचं बुकिंग करा, किल्ल्यांचं कोणाकडेही करू नका.

आमच्या बाबतीत हेच झालं होतं. दादरच्या एका ऑफिसातून पॅकेज घेतलं, नाव लिहीत नाही. त्यांनी छापील कागद दिला, शनिवार सकाळी 11, कुलाबा किल्ला, म्हणजे अलिबागच्या समुद्रातला, ओहोटीला चालत जाता येतं तो. तो दिवस पौर्णिमेचा. पोचलो तेव्हा भर उधाण, किल्ल्याला चहूबाजूंनी पाणी, होडीसुद्धा कोणी काढेना. दुसऱ्या दिवशी जंजिऱ्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावर गेलो तर वारा म्हणून शिडाच्या होड्या बंद. ऑफिसला फोन केला तर ड्रायव्हरला विचारा, ड्रायव्हर म्हणे ऑफिसला विचारा, मग मेल करा, मेलला उत्तर नाही, शेवटी प्रत्यक्ष गेले तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला निसर्गाच्या हातात आहे, रिफंड बसत नाही. वारा निसर्गाच्या हातात, मान्य. पण भरतीची वेळ तर महिनोन् महिने आधी माहीत असते हो! ज्यांचा धंदाच हा आहे त्यांनी पौर्णिमेला 11 ची वेळ कशी काय छापली? पैशांचं सोडा, बाबांनी कान्होजी आंग्र्यांवर मिळेल ते वाचलेलं, ते दोन तास वाळूवर उभे राहून किल्ला बघत होते. नंतर त्यांचे गुडघे गेले, तो किल्ला त्यांचा राहिलाच.

आता उपयोगाचं. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, ती आली साधारण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे 3 ला भरती आणि सहा तास आधी, सकाळी 9 च्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला 11 वाजून गेले की भरती, म्हणून तर आमचं बिनसलं. अष्टमीला ओहोटी दुपारी 12 ला येते आणि वेळ सोयीची वाटते, पण ते भांगाचं पाणी, फारसं हटत नाही, चालत जायला भरवशाचं नाही. माझं मत विचाराल तर तृतीया-चतुर्थी बघा, दोन्ही पक्षांतली चालते. अर्थात हा ढोबळ हिशोब, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळी मंडळींना विचारल्याशिवाय पाय टाकू नका. ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी चढायला लागायच्या आत परत.

जंजिऱ्याचं वेगळं. तिथे ओहोटीला चालत जाता येत नाही, होडीच. नंतर मी भावाबरोबर गेले तेव्हा दरवाज्यापाशी होडी हलत असतानाच पायऱ्यांवर उतरावं लागलं, दोघांनी हात धरले तरी धडधड होत होती. सत्तरीच्या माणसांना, त्यात गुडघेदुखी असेल तर, मी तरी नेणार नाही. मी डॉक्टर नाही, तुमची माणसं तुम्हाला माहीत. त्यांना मुरुडच्या किनाऱ्यावर निवांत बसवा, समोर पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. तुम्ही आणि मुलगा जंजिरा करून या. होडीवाले आत मोजकाच वेळ देतात, तेव्हा फोटो कमी काढा आणि कलालबांगडी तोफ आणि भर समुद्रातलं गोड्या पाण्याचं तळं आधी बघा. मराठ्यांना हा किल्ला शेवटपर्यंत मिळाला नाही, 1948 ला संस्थान विलीन झालं तेव्हाच सिद्दींची सत्ता संपली. पावसाळ्यात तो बंदच असतो.

जाताना गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरा, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. काशीदला पाण्यात खोल जाऊ नका, दिसायला सुंदर पण उतार पटकन लागतो, मुलाचा हात सोडू नका. अलिबागमध्ये कान्होजींची समाधी आहे, गाडी जवळ जाते, सासऱ्यांना चालावं लागणार नाही. सासऱ्यांना विज्ञानाची आवड असेल तर हेही सांगा, मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने नोंदी बिघडतील म्हणून मुंबईतल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली.

जेवणाचं घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी काही मिळत नाही. मासे खात असाल तर जिताडं आहे का विचारा. आणि जानेवारीत जात असाल तर ज्यांच्याकडे उतराल त्यांना पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावाल का म्हणून आदल्या दिवशी सांगा, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मडकं जमवायला त्यांना वेळ लागतो. सासूबाई शाकाहारी असतील तर फक्त शेंगा-बटाट्याचीही लावून देतात.