पगारातील तफावत नेमकी येते कुठून?

प्रश्न : आमच्या कार्यालयात स्त्री-पुरुषांच्या पगारातील तफावतीवरून बराच वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, बायका तेच काम खरोखर कमी पगारात करीत असत्या, तर कंपन्यांनी फक्त बायकाच नेमल्या असत्या. शिवाय सरकारी वेतनश्रेणी सर्वांना सारखीच असते. म्हणजे ही तफावत स्त्रियांच्या स्वतःच्या निवडीमुळे आहे, भेदभावामुळे नाही. यात कितपत तथ्य आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिला मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण शेतात जाऊन पाहिले तर चित्र उलटे दिसते. जिथे स्वस्त मजुरी हवी असते तिथे खरोखरच फक्त बायका लावल्या जातात. खुरपणी हे बायकांचेच काम मानले जाते आणि तिचा रोज बहुधा पुरुषांच्या रोजापेक्षा कमी असतो. पिकाचे मूळ न दुखावता, दिवसभर उकिडवे बसून तण काढण्याला कसब लागत नाही, हे मला मुळीच मान्य नाही. ऊसतोडीत तर तफावत मोजताही येत नाही. बीडकडून कारखान्यांवर जाणारी नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या हिशेबात मिळून एक कोयता धरली जाते आणि उचल सहसा नवऱ्याच्या हाती पडते. ऊस तोडून, मोळी बांधून ती डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणाऱ्या बाईच्या नावावर स्वतंत्र मजुरी अशी लागतच नाही.

सरकारी वेतनश्रेणी समान आहे हे खरे. परंतु आशा आणि अंगणवाडी सेविका या श्रेणीच्या बाहेर ठेवल्या आहेत. त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. ही कामे जवळजवळ पूर्णपणे स्त्रियाच करतात, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

पदाचे नाव बदलून पगार कमी ठेवण्याची रीत कार्यालयांतही होती. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला त्यासाठी अवश्य वाचावा. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या स्त्री स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी वेतन मिळत होते. त्यांचे काम वेगळे आहे आणि हे वेतन युनियनशी झालेल्या करारानुसारच ठरले आहे, अशी कंपनीची बाजू होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती फेटाळली. समान वेतन देणे परवडत नाही, ही सबबही १९७६ च्या समान वेतन कायद्यापुढे टिकत नाही, असे स्पष्ट केले.

आता निवडीबद्दल. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण आज सुशिक्षित नोकरदारांमधील तफावतीचा मोठा भाग शिक्षणाची शाखा, कामाचे तास आणि नोकरीतील खंड यांतूनच येतो. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील नोंदींवरून दाखवले की, एकाच व्यवसायात जवळपास सारख्या पगारावर सुरुवात करणाऱ्या स्त्री-पुरुषांमधील अंतर पहिल्या मुलाच्या जन्मानंतर झपाट्याने वाढते. रात्री-अपरात्री फोन आला तरी हजर होणाऱ्याला बढती मिळते आणि तसे हजर राहणे त्यालाच जमते, ज्याचे घर दुसरे कोणी सांभाळत असते. आपल्याकडे २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ गेल्याचे आढळले. एवढा फरक असताना संध्याकाळी सातची मीटिंग टाळणाऱ्या बाईने ‘निवड’ केली असे म्हणणे म्हणजे अर्धेच वाक्य वाचणे होय. त्यात २०१७ पासून प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण या रजेचा पगार बहुतेक खासगी आस्थापनांत एकट्या मालकाने द्यायचा असल्याने, तरुण स्त्रीला नेमताना काही मालक आधीच हात आखडता घेतात.

कामाची मांडणी बदलली की तफावतही घटते. गोल्डिन यांनीच अभ्यासलेल्या अमेरिकी औषधविक्री क्षेत्रात, एका फार्मासिस्टचे काम दुसऱ्याला सहज हाती घेता येऊ लागल्यावर कमी तास काम करणाऱ्याचा ताशी दर फारसा घटेनासा झाला. तुमच्या सहकाऱ्यांनी विचार करावा तो याच मुद्द्यावर.

प्रश्न : मुलाच्या संगोपनासाठी घेतलेल्या खंडानंतर मी पुन्हा नोकरी शोधत आहे. मुलाखतीत सगळीकडे जुनी सॅलरी स्लिप मागतात आणि तीवर ठरावीक टक्के वाढवून आकडा सांगतात. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एकदा कमी मिळालेला पगार पुढच्या प्रत्येक नोकरीत सोबत येतो तो याच प्रथेमुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ च्या कायद्याने पगाराचा प्रस्ताव देण्याआधी जुना पगार विचारण्यास बंदी घातली. आपल्याकडे २०१९ च्या वेतन संहितेत समान काम ठरवण्याच्या कसोट्या कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या आहेत. जुना पगार त्यात नाही. म्हणून आकडा लपवू नका, पण तो कोणत्या वर्षाचा आहे हे सांगा आणि लगेच ‘या पदाची वेतनमर्यादा किती?’ असे विचारा. त्याच पदावरच्या ओळखीच्या पुरुष सहकाऱ्यांनाही पगार विचारून ठेवा. आपल्याकडे हा संकोच फार आहे आणि त्याचा फायदा फक्त मालकाला होतो. मिळालेला प्रस्ताव ई-मेलवर, पदाच्या जबाबदाऱ्यांसह लेखी घ्या. पुढे तक्रार करण्याची वेळ आलीच, तर तुमचे काम दुसऱ्याच्या कामासारखेच आहे हे त्या कागदावरूनच दाखवता येईल.